वर क्ष, खाली क्ष, मग कापायचा का नाही?

यावेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर होती, बैजिक अपूर्णांक, त्यांचा भागाकार आणि सरळ रूप देताना होणारा गोंधळ, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि सगळं पान याच विषयाला दिलंय. पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात, इथे मी क्ष, अ, ब असंच लिहितेय, आजी-आजोबांच्या वहीत असायचं तसं. आडवी रेघ ओळीत मावत नाही म्हणून तिरकी रेघ वापरलीय, तिच्या डावीकडे आहे तो अख्खा अंश आणि उजवीकडे आहे तो अख्खा छेद, एवढं लक्षात ठेवून वाचा. आणि शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसा, नुसतं वाचून हे डोक्यात जात नाही.

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. (क्ष² + ५क्ष + ६)/(क्ष + ३) ला सरळ रूप द्यायचं होतं. त्याने क्ष² मधला एक क्ष खालच्या क्षने कापला, ६ ला ३ ने कापलं, राहिलं क्ष + ५क्ष + २, म्हणजे उत्तर ६क्ष + २. शाळेत चूक दिली. तो म्हणतो १२/१८ मध्ये आपण कापतोच ना, मग इथे का नाही कापायचं? मला त्याला नीट सांगता येत नाहीये.
एक आई, चिपळूण

उत्तर: ताई, आधी त्याला सांगा की प्रश्न अगदी योग्य विचारलाय. चूक कापण्यात नाहीये, काय कापलं त्यात आहे, आणि ही एकच गोष्ट पक्की झाली ना की या धड्यातल्या बहुतेक चुका आपोआप थांबतात, म्हणून मी याचं उत्तर जरा लांबवणार आहे.

१२/१८ मध्ये आपण काय करतो बघा. १२ म्हणजे २ × ६ आणि १८ म्हणजे ३ × ६. वरही ६ ने गुणलंय, खालीही ६ ने गुणलंय, म्हणून तो ६ दोन्हीकडून जातो आणि २/३ उरतो. इथे ६ हा गुणाकाराने जोडलेला आहे. गुणाकाराने जोडलेल्या भागाला अवयव म्हणतात आणि बेरीज-वजाबाकीने जोडलेल्या भागाला पद म्हणतात. संक्षेप, म्हणजे हे वर-खाली कापणं, फक्त अवयवांचा होतो, पदांचा होत नाही.

का होत नाही, ते त्याला पैशात दाखवा. समजा चार भावंडं आहेत. आजोबांनी ६० रुपये दिले, आजीने ४ रुपये दिले, आणि सांगितलं की सगळे मिळून चौघांत वाटून घ्या. म्हणजे (६० + ४)/४. एकूण ६४, प्रत्येकाला १६. आता तुमचा मुलगा जसं कापतो तसं कापलं, वरचा ४ आणि खालचा ४ कापून तिथे १ लिहिला, तर उत्तर येतं ६० + १, म्हणजे प्रत्येकाला ६१ रुपये! चौघांचे मिळून २४४ झाले, दिले होते ६४ च. चूक कुठे झाली तर फक्त आजीचे पैसे वाटले गेले आणि आजोबांचे वाटलेच नाहीत. भागायचं असेल तर वरच्या प्रत्येक पदाला भागावं लागतं, एकाला भागून दुसऱ्याला सोडून देता येत नाही. आणि खालीसुद्धा बेरीज असेल, क्ष + ३ सारखी, तर तिचा एक तुकडा इकडे आणि दुसरा तुकडा तिकडे असं वापरताच येत नाही, क्ष + ३ ही एक अख्खी संख्या आहे, तिला तोडायचं नाही.

मग करायचं काय, तर वरच्या बेरजेला गुणाकाराच्या रूपात आणायचं, म्हणजेच अवयव पाडायचे.

क्ष² + ५क्ष + ६ = (क्ष + २)(क्ष + ३)

आता वर (क्ष + ३) हा अख्खा कंस गुणाकारात आहे आणि खाली तोच अख्खा कंस आहे. आता कापा खुशाल. उत्तर क्ष + २.

आणि ताळा करायची एक सवय त्याला आत्ताच लावून टाका, आयुष्यभर उपयोगी पडेल. क्षच्या जागी १० ठेवायचे. क्ष² + ५क्ष + ६ म्हणजे १०० + ५० + ६ = १५६. क्ष + ३ म्हणजे १३. १५६ ला १३ ने भागलं तर १२, आणि क्ष + २ सुद्धा १२. जुळलं. त्याचं उत्तर ६क्ष + २ घेतलं असतं तर आले असते ६२, म्हणजे शिक्षकांकडे वही जायच्या आधीच त्याला घरबसल्या कळलं असतं. मला स्वतःला १० ठेवायला फार आवडतं कारण क्ष²चा सहगुणक शतकाच्या घरात, क्षचा दशकाच्या आणि सुटा अंक एककाच्या घरात जाऊन बसतो, मुलांना एकदम दिसतं की बीजगणित म्हणजे काही परग्रहावरची गोष्ट नाही, स्थानिक किंमतच आहे ती. फक्त एक, ताळा जुळला नाही तर उत्तर नक्की चूक, पण एका संख्येला जुळला म्हणून १०० टक्के बरोबरच असं नाही, शंका असेल तर अजून एक संख्या ठेवून बघावी, आणि छेद शून्य होईल अशी संख्या ठेवायची नाही.

प्रश्न: अपूर्णांकाने भागताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा? सर म्हणतात नियम आहे. पण पहिला उलटा केला तर काय होतं? आणि बीजगणितात आधी कापून मग उलटा केला तर चालतं का?
नववीतला विद्यार्थी, परभणी

उत्तर: नियम आहे हे खरंच, पण नियमामागे कारण आहे आणि ते अगदी किराणा दुकानात सापडतं. पाऊण किलो शेंगदाणे आहेत आणि पाव-पाव किलोच्या पुड्या बांधायच्यात, किती होतील? तीन. हे तू तोंडी सांगितलंस. लिहायचं झालं तर ३/४ ÷ १/४. आता विचार कसा केला ते बघ, एका किलोत पाव किलोच्या ४ पुड्या होतात, मग पाऊण किलोत ४ च्या पाऊणपट, म्हणजे ३/४ × ४ = ३. तो ४ कुठून आला, तर १/४ उलटा होऊन. म्हणजे उलटा केलेला अपूर्णांक सांगतो की एका अख्ख्यात भाजक किती वेळा बसतो, आणि मग आपल्याकडे जेवढं आहे तेवढ्याने त्याला गुणायचं. पुडी २/३ किलोची असती तर एका किलोत ती ३/२ वेळा बसली असती, दीड पुडी. म्हणूनच उलटायचं ते ज्याने भागतोय त्याला. पहिला उलटा केलास तर तू शेंगदाणेच बदलून टाकलेस, पुडी तशीच राहिली. ३/४ ÷ १/४ मध्ये पहिला उलटून गुणलं तर ४/३ × १/४ = १/३ येईल, म्हणजे खऱ्या उत्तराच्या बरोबर उलट.

हा नियम किती जुना आहे माहितीये? भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची, त्यात अपूर्णांकांच्या भागाकाराला हेच सांगितलंय की हराचे छेद आणि लव यांची अदलाबदल करायची आणि पुढे गुणाकारासारखं करायचं. हर म्हणजे ज्याने भागायचं तो, लव म्हणजे अंश. जवळजवळ पावणेनऊशे वर्षं झाली, पद्धत तीच. आणि हे आपल्याकडचं आहे हो, चाळीसगावजवळ पाटणला देवीच्या देवळात शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. सहलीला गेलास तर बघून ये.

आता बीजगणितातलं एक करून दाखवते.

(क्ष² − ४क्ष)/(क्ष + १) ÷ (क्ष² − १६)/(क्ष² + २क्ष + १)

पहिली स्टेप, भागाकाराचं चिन्ह घालवायचं. दुसरा अपूर्णांक उलटा, मध्ये गुणिले.

(क्ष² − ४क्ष)/(क्ष + १) × (क्ष² + २क्ष + १)/(क्ष² − १६)

दुसरी स्टेप, जे जे फुटतं त्याचे अवयव पाडायचे. क्ष² − ४क्ष मध्ये क्ष सामाईक, क्ष(क्ष − ४). क्ष² + २क्ष + १ हा पूर्ण वर्ग, (क्ष + १)(क्ष + १). क्ष² − १६ हा वर्गांचा फरक, (क्ष − ४)(क्ष + ४). क्ष + १ फुटत नाही, त्याला नुसता कंस घालायचा, पण तो कंस घालायचाच, कारण कंस घातला की हात आपोआप थांबतो, आतलं एकटं काही कापावंसं वाटत नाही.

क्ष(क्ष − ४)/(क्ष + १) × (क्ष + १)(क्ष + १)/((क्ष − ४)(क्ष + ४))

आता वरून एक (क्ष − ४) आणि एक (क्ष + १), खालून तेच. उरलं क्ष(क्ष + १)/(क्ष + ४). १० ठेवून बघ, दोन्हीकडे ५५/७ येतंय का ते तूच कर.

तुझा शेवटचा प्रश्न, आधी कापून मग उलटा. एकाच अपूर्णांकाच्या वर आणि खाली सामाईक अवयव असेल तर तो उलटायच्या आधीही कापता येतो, त्यात काहीच बिघडत नाही. पण ÷ चिन्ह मध्ये असताना पहिल्याचा अंश आणि दुसऱ्याचा छेद तिरपे कापायचे नाहीत, कारण उलटल्यावर ते दोघंही वरच जाणार आहेत, एकमेकांना कापायच्या जागेवर ते नाहीतच मुळी. परीक्षेच्या घाईत हे हमखास होतं, म्हणून मी मुलांना सांगते की आधी उलट आणि मगच रेघा मार.

प्रश्न: (क्ष² − ९)/(क्ष² + ७क्ष + १२) ÷ (क्ष² − ५क्ष + ६)/(क्ष² + २क्ष − ८) हे सोडवताना माझं सगळंच कटलं, काहीच उरलं नाही. मी उत्तर ० लिहिलं. मैत्रिणीचं १ आलं. आमचं भांडण झालंय.
नववीतली विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: मैत्रिणीचं बरोबर आहे, पण भांडण मिटवायच्या आधी तुझे अवयव बघूया कारण सगळं कटलं याचा अर्थ तू अवयव अचूक पाडलेस, आणि या गणितात तेच खरं अवघड काम होतं.

(क्ष − ३)(क्ष + ३)/((क्ष + ३)(क्ष + ४)) × (क्ष + ४)(क्ष − २)/((क्ष − २)(क्ष − ३))

खरंच, एकूण एक कंस जातो. आता जातो म्हणजे काय होतं? आपण रेघ मारतो म्हणून वाटतं की पुसून टाकलं, नाहीसं झालं, म्हणजे शून्य. पण रेघ मारणं म्हणजे (क्ष − ३) ला (क्ष − ३) ने भागणं, आणि कुठलीही शून्य नसलेली संख्या स्वतःनेच भागली की १ येतो. म्हणजे प्रत्येक रेघेखाली एक १ उभा असतो, आपण तो लिहायचा कंटाळा करतो एवढंच. १ × १ × १ × १ = १. क्ष = १ ठेवून बघ, पहिला अपूर्णांक −८/२०, दुसरा २/−५, दोन्ही −२/५ च, आणि सारख्याला सारख्याने भागलं की १.

यातूनच होणारी दुसरी चूक सांगून ठेवते. (क्ष + २)/((क्ष + २)(क्ष − ५)) मध्ये वरचं सगळं कटतं आणि मुलं उत्तर क्ष − ५ लिहितात. वर १ उरलाय ना! उत्तर १/(क्ष − ५). म्हणून पुढचे काही दिवस तरी प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात १ लिहीत जा, हात बसला की मग सोडून दे.

प्रश्न: वर (२ − अ) आणि खाली (अ − २) असेल तर कापायचं का? क्लासमध्ये एकदा कापलं आणि उत्तरात अचानक वजा आला, तो कुठून आला कळलंच नाही.
दहावीतला विद्यार्थी, बेळगाव

उत्तर: दोघं एकमेकांच्या विरुद्ध चिन्हाचे आहेत. ७ − २ = ५ आणि २ − ७ = −५, तसंच. २ − अ = −(अ − २). म्हणजे कापता येतं पण १ ऐवजी −१ उरतो, वजा तिथून येतो. (२ + अ) आणि (अ + २) मात्र एकच आहेत, तिथे काही वजा-बिजा येत नाही.

(४ − अ²)/(अ² + ५अ) ÷ (अ² − ४अ + ४)/(अ² − २५) घे. उलटून अवयव पाडले की

(२ − अ)(२ + अ)/(अ(अ + ५)) × (अ − ५)(अ + ५)/((अ − २)(अ − २))

पहिल्या कंसाला −(अ − २) लिही, वजा एकदम पुढे आणून ठेव, मग काप. उत्तर −(अ + २)(अ − ५)/(अ(अ − २)). अ = १ ठेवलास तर दोन्हीकडे −१२ येतात. आणि वजा पुढे आणायची स्टेप मनातल्या मनात करू नकोस, लिही, इथे चिन्ह हरवलं तर सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न: उलटायचं कळलं, कापायचं कळलं, पण मुळात अवयवच पडत नाहीत हो मॅडम! पहिल्या स्टेपलाच अडकायला होतं. आणि काही राशींचे तर किती वेळ बसलं तरी पडत नाहीत.
विद्यार्थिनी, गोंदिया

उत्तर: हे प्रामाणिकपणे लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण भागाकाराच्या नावाखाली मुलं जिथे अडतात ती जागा बहुतेक वेळा हीच असते. आठवीच्या पुस्तकातला बैजिक राशींचे अवयव हा धडा पुन्हा काढ आणि आधी तेवढाच पक्का कर, भागाकार त्याच्या मागून येतो.

राशी दिसली की क्रमाने बघायचं. आधी सगळ्यांत सामाईक काही आहे का, तो बाहेर काढ, हे बरेच जण विसरतात आणि मग आकडे उगाच मोठे राहतात. दोनच पदं आणि मध्ये वजा असेल तर वर्गांचा फरक किंवा घनांचा फरक आहे का बघ. तीन पदं असतील तर मधल्या पदाची फोड. ६क्ष² + क्ष − १२ घे, टोकाच्या दोघांचा गुणाकार ६ × (−१२) = −७२, आता गुणाकार −७२ आणि बेरीज १ येईल अशा दोन संख्या, ९ आणि −८. मग ६क्ष² + ९क्ष − ८क्ष − १२, पहिल्या दोघांतून ३क्ष, दुसऱ्या दोघांतून −४, आणि मिळालं (२क्ष + ३)(३क्ष − ४).

भागाकाराच्या गणितात अजून एक आधार असतो, शेजारच्या राशी. समजा एका राशीचे अवयव सापडत नाहीयेत पण बाकी तिघींचे सापडलेत, तर त्यातला एखादा अवयव हिच्यातही असण्याची शक्यता असते, तो घेऊन भाग लावून बघ. पुस्तकातली गणितं संक्षेप व्हावा म्हणूनच रचलेली असतात. ही फक्त शक्यता हं, जबरदस्तीने बसवायचं नाही.

आता ज्यांचे पडतच नाहीत त्यांच्याबद्दल. हे बघ

(अ³ − ८)/(अ² − ४) ÷ (अ² + २अ + ४)/(अ² + ४अ + ४)

इथे अ² + २अ + ४ वर पुष्कळ मुलं अर्धा तास घालवतात. गुणाकार ४ आणि बेरीज २ अशा पूर्णांकांची जोडी शोधतात, १ आणि ४ ची बेरीज ५, २ आणि २ ची ४, संपलं, जोडी नाहीच. कोणी वैतागून (अ + २)² लिहून मोकळं होतं, पण तो अ² + ४अ + ४ आहे, शेवटची राशी, ही नाही. खरं म्हणजे हिला फोडायची गरजच नाहीये, कारण अ³ − ८ = (अ − २)(अ² + २अ + ४), ती तिथे अख्खीच्या अख्खी येऊन बसते आणि अख्खीच कटते. सगळं झाल्यावर उत्तर येतं नुसतं अ + २. एवढ्या मोठ्या गणितातून एवढंसं उत्तर, मला अजूनही हे फळ्यावर सोडवताना बरं वाटतं.

आणि कधीकधी खरोखरच काही कटत नाही. (क्ष² + ५क्ष + ७)/(क्ष + ३) मध्ये ६ चा ७ झाला आणि सगळं बदललं. १० ठेव, १५७ ला १३ ने भागलं तर भागाकार १२ आणि बाकी १. बीजगणितातही तेच, बहुपदींचा भागाकार केलास तर भागाकार क्ष + २, बाकी १. अशा वेळी अपूर्णांक आधीच सरळ रूपात आहे, तसाच ठेवायचा.

प्रश्न: माझा नातू न्यू जर्सीत आठवीत आहे, रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचं गणित घेतो. तो "कीप, चेंज, फ्लिप" असं काहीतरी म्हणतो. आम्ही कंचेभागुबेव शिकलो. दोन्ही एकच का? त्याने परवा ÷ आणि × दोन्ही असलेल्या गणितात पुढचे दोन्ही अपूर्णांक उलटे केले, मला ते चूक वाटलं पण पटवून देता आलं नाही.
एक आजोबा, नाशिक

उत्तर: आजोबा, तुम्हाला चूक वाटलं ते बरोबरच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. कीप-चेंज-फ्लिप म्हणजे पहिला तसाच, चिन्ह बदल, दुसरा उलटा, म्हणजे आपलं उलटून गुणणंच. कंचेभागुबेव सांगतं की क्रिया कुठल्या क्रमाने करायच्या. नातवाचं फ्लिप पाठ आहे पण किती अपूर्णांकांना लागू करायचं तिथे तो घसरला. ज्याच्या लगेच आधी ÷ आहे तोच उलटतो, बाकी कोणी नाही. त्याला १२ ÷ ३ × २ विचारा, तो ८ सांगेल, २ म्हणणार नाही. मग हे द्या

(क्ष² − १)/क्ष ÷ (क्ष + १)/क्ष² × १/(क्ष − १)

फक्त मधला उलटायचा, (क्ष − १)(क्ष + १)/क्ष × क्ष²/(क्ष + १) × १/(क्ष − १), उत्तर क्ष. १० ठेवलं तर १० येतात. शेवटचाही उलटला तर ८१० येतील, ते त्यालाच काढू द्या, तुम्ही सांगू नका. दोन ÷ लागोपाठ आले तर मात्र दोन्ही उलटतात.

प्रश्न: मी अकरावीला शिकवतो. मुलं (क्ष² − ९)/(क्ष − ३) ला क्ष + ३ लिहून मोकळी होतात आणि क्ष = ३ वर्ज्य आहे हे लिहीतच नाहीत. सांगितलं तर म्हणतात आता तर छेदच उरला नाही, मग कशाला लिहायचं. हे आठवी-नववीतच कसं रुजवावं?
एक शिक्षक, लातूर

उत्तर: सर, हा प्रश्न माझ्या मनातला आहे. मला वाटतं आपण खालच्या वर्गात "छेद शून्य नसावा" हे वाक्य एकदा म्हणून टाकतो आणि मग पुढच्या सगळ्या गणितांत ते गृहीत धरतो, त्यामुळे मुलांना ते वाक्य बाजूला पडलेलं वाटतं. मी आता वर्गात कापायच्या आधीच थांबते आणि विचारते, या घटकेला क्ष कोण असू शकत नाही? ते समासात लिहायचं, मगच कापायचं. कारण कटल्यावर पुरावाच जातो. भागाकारात तर तीन ठिकाणी बघावं लागतं, पहिल्याचा छेद, दुसऱ्याचा छेद आणि उलटल्यावर खाली येणारा दुसऱ्याचा अंश, हा तिसरा जवळजवळ सगळे विसरतात. वर सांगलीच्या मुलीचं गणित आहे, उत्तर १ आलेलं, त्यात क्षला −४, −३, २ आणि ३ या चार किमती चालत नाहीत. उत्तरात क्षचा मागमूसही नाही तरी चार किमती वर्ज्य आहेत, हे मुलांना दाखवलं की ती दचकतात, आणि तो दचका कामाचा असतो.

न लिहिल्याने काय होतं ते दाखवायला मी जुनीच खोड वापरते. अ = ब समजा. दोन्हीकडे अ ने गुणलं, अ² = अब. दोन्हीकडून ब² वजा केला, अ² − ब² = अब − ब². अवयव पाडले, (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). (अ − ब) कापला, अ + ब = ब. अ आणि ब सारखेच, म्हणून २ब = ब, म्हणजे २ = १. प्रत्येक स्टेप मुलं स्वतः करतात आणि शेवटी फळ्याकडे बघत बसतात. मग कोणीतरी हळूच म्हणतं, बाई, अ − ब शून्य होता.

आणि या जागेवर मोठमोठ्या माणसांनी विचार केलाय हेही मुलांना सांगावं. ब्रह्मगुप्तांनी ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात शून्याला शून्याने भागलं तर शून्य असं मांडलं. भास्कराचार्यांनी छेदात शून्य असलेल्या राशीला खहर म्हटलं, तिच्यात काहीही मिळवा किंवा काढा ती बदलत नाही असं त्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात लिहिलं. आणि लीलावतीत त्यांचा एक नियम आहे की शून्याने गुणलेल्या राशीला पुढे शून्यानेच भागायचं असेल तर राशी जशीच्या तशी समजावी. बघा ना, क्ष = ३ असताना (क्ष + ३)(क्ष − ३)/(क्ष − ३) म्हणजे नेमकं तेच, ६ ला शून्याने गुणलं आणि शून्याने भागलं, आणि आपली मुलं नेमकं तेच करून ६ लिहितात. आजच्या गणितात ही मुभा नाही, ३ ला ती राशी अर्थहीनच आहे. पण तुमच्याकडे अकरावीत लिमिट शिकताना क्ष ३ च्या जवळ जवळ जातो तेव्हा उत्तर ६ च्या जवळ जातं, आणि तिथे (क्ष − ३) कापायची परवानगी मिळते ती क्ष ३ च्या जवळ आहे पण ३ नाही म्हणूनच.

नववीत लिमिट नाही पण आलेखाचा कागद आहे. (क्ष² − ९)/(क्ष − ३) साठी क्ष = ०, १, २, ४, ५ ठेवून बिंदू काढायला लावा, ३, ४, ५, ७, ८ येतील, सगळे एका सरळ रेषेत. मग क्ष = ३ ठेवायला सांगा, ०/० येईल आणि पेन्सिल थांबेल. रेषा ओढायची, आणि (३, ६) वर एक छोटं पोकळ वर्तुळ काढायचं.